सिनेटर ॲलन स्पिअर: 'पहिले' असण्यापलीकडचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचे सिनेटर ॲलन स्पिअर यांचं नाव उघडपणे समलिंगी असलेल्या पहिल्या लोकप्रतिनिधींमध्ये नेहमी घेतलं जातं. त्यांनी ही गोष्ट जाहीर केली १९७४ मध्ये. समलिंगी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा राज्याचा कायदा झाला १९९३ मध्ये. मधली इतकी वर्षं ते काय करत होते, जाहीर बोलल्याचा त्यांच्या कारकिर्दीला फटका बसला का, आणि आपल्याकडे या विषयावर काम करणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावं?

विधेयकांचे मसुदे वाचणं, संस्थांना समित्यांपुढची निवेदनं लिहायला मदत करणं, लोकप्रतिनिधींना भेटून एकेक मुद्दा पटवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. म्हणून मी विधिमंडळाच्या आतल्या बाजूने उत्तर देतो. स्पिअर यांच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक १९७४ च्या त्या एका मुलाखतीपाशी थांबतं. मला ती मुलाखत मोठीच वाटते. तिच्यानंतरची अठरा वर्षं मला त्याहून मोठी वाटतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लोक पाहतात.

आधी क्रम नीट लावू, कारण 'पहिले कोण' यावर इंटरनेटवर बराच गोंधळ आहे. एप्रिल १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहराच्या नगर परिषदेवर कॅथी कोझाचेंको निवडून आल्या. आपण लेस्बियन आहोत हे त्यांनी मतदारांना आधीच सांगितलं होतं. नोव्हेंबर १९७४ मध्ये एलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या कनिष्ठ सभागृहावर बॉस्टनमधून निवडून आल्या. उघडपणे समलिंगी म्हणून निवडणूक लढवून राज्याच्या विधिमंडळात पोहोचलेल्या त्या पहिल्या. स्पिअर यांची गोष्ट वेगळी आहे. ते १९७२ मध्येच मिनेसोटाच्या सिनेटवर, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले होते आणि पदावर असताना, ९ डिसेंबर १९७४ रोजी 'मिनियापोलिस स्टार' या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. उघडपणे समलिंगी असलेल्या हार्वे मिल्क यांची सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळावर निवड त्यानंतर तीन वर्षांनी, १९७७ मध्ये झाली. त्यांचं नाव जगभर गेलं. आधीची ही माणसं मागे राहिली.

नोबल यांच्याबद्दल दोन वाक्यं लिहायलाच हवीत, कारण त्यांच्या विजयाने स्पिअर यांना बळ दिलं. नोबल यांना निवडणुकीच्या काळात धमक्या आल्या, खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, गाडीची नासधूस झाली. दोन मुदतींनंतर मतदारसंघांची फेररचना झाली, त्यांचा भाग सहकारी आमदार बार्नी फ्रँक यांच्या भागात गेला आणि त्यांनी पुन्हा ती जागा लढवली नाही. फ्रँकसुद्धा समलिंगी होते, पण ते त्यांनी जाहीर केलं १९८७ मध्ये, अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाल्यावर. त्या काळात गप्प राहणं हाच राजकारण्यांचा सर्वसाधारण रस्ता होता. स्पिअर यांनी तो सोडला तेव्हा ते पहिल्याच मुदतीत होते आणि पुढची निवडणूक दोनच वर्षांवर होती.

स्पिअर मूळचे राजकारणी नव्हते. त्यांचा जन्म १९३७ चा, इंडियाना राज्यातल्या मिशिगन सिटी गावातला, एका ज्यू कुटुंबातला. ओबरलिन कॉलेज, मग येल विद्यापीठ, आणि १९६४ पासून मिनेसोटा विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. १८९० ते १९२० या काळात शिकागोतली कृष्णवर्णीयांची वस्ती कशी कोंडली गेली, यावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि तो १९६७ मध्ये पुस्तकरूपात आला. घर भाड्याने न मिळणं, नोकरी नाकारली जाणं, हळूहळू एका समाजाला शहराच्या एका कोपऱ्यात ढकललं जाणं, याचा त्यांनी कागदपत्रांतून अभ्यास केला होता. पुढे ज्या कायद्यासाठी ते झगडले त्याचा गाभा घर, नोकरी आणि सार्वजनिक सेवा हाच होता, हा मला योगायोग वाटत नाही. भेदभाव कुठे आणि कसा होतो हे त्यांना स्वतःच्या आयुष्यावरून कळण्याआधी इतिहासावरून कळलं होतं.

व्हिएतनाम युद्धाला विरोध करत ते डेमोक्रॅटिक पक्षात आले. मिनेसोटात या पक्षाचं पूर्ण नाव डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर असं आहे आणि शेतकरी व कामगार चळवळींचा वारसा त्याच्या नावातच आहे. १९६८ मध्ये ते कनिष्ठ सभागृहासाठी उभे राहिले आणि हरले. १९७२ मध्ये विद्यापीठाच्या आसपासच्या भागातून सिनेटवर निवडून आले. मिनेसोटाचं विधिमंडळ वर्षभर चालत नाही. दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १२० दिवस कामकाज, असं राज्यघटनेतच बंधन आहे. त्यामुळे सदस्य आपापले व्यवसाय सांभाळतात आणि स्पिअरसुद्धा वर्गात शिकवत राहिले.

आता तो भाग, ज्याच्यावर मला सर्वात जास्त लिहायचं आहे.

१९७४ मध्ये मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांनी समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करायला मनाई करणारे स्थानिक नियम केले होते. वातावरण अनुकूल वाटत होतं. सिनेटमधले बहुमताचे नेते निक कोलमन स्वतः या बाजूचे होते. १९७५ मध्ये राज्याच्या मानवी हक्क कायद्यात तशीच दुरुस्ती करायचं विधेयक आलं. तेव्हा समलिंगी चळवळीतच फूट पडली. जॅक बेकर आणि टिम कॅम्बेल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की ट्रान्सजेंडर व्यक्तींना वगळून केलेला कायदा आम्हाला नको. स्पिअर यांचं म्हणणं होतं की मतं जेमतेम आहेत, व्याख्या वाढवली तर सगळंच जाईल. वाद विकोपाला गेला, विधानभवनात आंदोलन झालं आणि विधेयक पडलं.

हा प्रसंग वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण अशी बैठक आपल्याकडेही होते आणि मी अशा बैठकांना बसलो आहे. "आधी जे मिळतंय ते घेऊ, तुमचं पुढच्या वेळी बघू" असं सांगणारा माणूस दुष्ट नसतो. तो मतं मोजत असतो. पण ज्याला 'पुढच्या वेळी' असं सांगितलं जातं, त्याच्याकडे ती वेळ येईल याची कुठलीच हमी नसते. माझं स्पष्ट मत आहे की १९७५ मध्ये तत्त्वाच्या बाजूने बेकर आणि कॅम्बेल बरोबर होते. स्पिअर यांचा हिशेबही फसला, कारण व्याख्या अरुंद ठेवूनही विधेयक टिकलं नाही. स्पिअर यांचं मोठेपण मला यात दिसतं की अठरा वर्षांनी कायदा झाला तेव्हा तो व्यापक व्याख्येसह झाला. त्याकडे पुढे येतो.

१९७७ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंट यांच्या मोहिमेमुळे तिथला स्थानिक नियम मतदानाने रद्द झाला. ती लाट एप्रिल १९७८ मध्ये सेंट पॉलला पोहोचली. विधानभवन ज्या शहरात आहे, त्याच शहराच्या मतदारांनी भेदभावविरोधी नियम मोठ्या फरकाने फेटाळला. ज्या सिनेटरच्या मनात आधीच शंका होती, त्याला यापेक्षा सबळ कारण कशाला हवं? यानंतर बरीच वर्षं विधेयक मंजूर होण्याची शक्यताच उरली नाही.

तुम्ही विचारलंत ती 'मधली वर्षं' इथून सुरू होतात. आणि इथेच स्पिअर यांनी असं काही केलं, जे मी नव्या कार्यकर्त्यांना आवर्जून सांगतो. ते एका विषयाचे आमदार राहिले नाहीत. न्याय आणि फौजदारी कायद्यांची विधेयकं ज्या समितीकडे जातात, त्या समितीत त्यांनी जम बसवला आणि १९८० च्या दशकात तिचे अध्यक्ष झाले. न्यायालयं, तुरुंग, शिक्षा, पोलीस यांबद्दलचं प्रत्येक महत्त्वाचं विधेयक त्यांच्या टेबलावरून जाऊ लागलं. ग्रामीण भागातल्या, चर्चला नेमाने जाणाऱ्या, शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्या सिनेटरला आपल्या जिल्ह्यातल्या न्यायालयाचं काम करून घ्यायचं असेल, तर त्याला स्पिअर यांच्याशी बोलावं लागे. बोलता बोलता त्याला दिसे की हा माणूस विधेयकाचं प्रत्येक कलम वाचून येतो, दिलेला शब्द पाळतो आणि विरोधकालाही पूर्ण बोलू देतो. 'समलिंगी' हा त्याच्या लेखी वर्तमानपत्रातला शब्द होता. आता तो समोर बसलेल्या, भरवशाच्या सहकाऱ्याचा एक भाग झाला.

एक गोष्ट इथे मनात ठेवायला हवी. मिनेसोटाचा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा या संपूर्ण काळात पुस्तकात होता. तो रद्द करण्याचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत आणि २००१ मध्ये न्यायालयाच्या निकालाने तो निष्प्रभ झाला. तोपर्यंत स्पिअर निवृत्त झाले होते. म्हणजे राज्याच्या फौजदारी कायद्याची समिती चालवणारा माणूस आपल्या जोडीदारासोबतच्या आयुष्यामुळे त्याच राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात गुन्हेगार ठरत होता. कलम ३७७ च्या सावलीत ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत जगलेल्या आपल्याकडच्या वाचकांना याचं ओझं वेगळं समजावून सांगायला नको.

१९८० मध्ये कॅरन क्लार्क कनिष्ठ सभागृहावर निवडून आल्या. व्यवसायाने परिचारिका, उघडपणे लेस्बियन, मिनियापोलिसच्या गरीब वस्त्यांच्या प्रतिनिधी. आता दोन्ही सभागृहांत एकेक माणूस झाला. मिनेसोटात कुठल्याही विधेयकाला दोन्ही सभागृहांत प्रमुख प्रस्तावक लागतो, म्हणून ही जोडी कामकाजाच्या दृष्टीने फार महत्त्वाची. बाहेरही हालचाल होत होती. १९९० मध्ये गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी समलिंगी नागरिकांच्या प्रश्नांवर कार्यगट नेमला, त्यामुळे भेदभावाच्या अनुभवांची अधिकृत नोंद झाली. सेंट पॉलच्या परिषदेने १९९० मध्ये नियम पुन्हा आणला आणि १९९१ मध्ये तो रद्द करण्याचा मतदानाचा प्रयत्न या वेळी फसला. १९७८ मध्ये दिलेलं कारण आता कोणी देऊ शकत नव्हतं.

जानेवारी १९९३ मध्ये स्पिअर सिनेटचे अध्यक्ष झाले. आपल्याकडच्या विधान परिषदेच्या सभापतींसारखं हे पद. कामकाज चालवणं, हरकतींवर निर्णय देणं, विधेयकं समित्यांकडे पाठवणं. अमेरिकेत राज्य विधिमंडळाच्या सभागृहाच्या प्रमुखपदी उघडपणे समलिंगी व्यक्ती बसण्याची ती पहिली वेळ. ६७ जणांच्या सभागृहात मिनियापोलिसबाहेरच्या सदस्यांचा पाठिंबा नसता तर हे झालंच नसतं. जाहीर बोलल्याचा फटका बसला का, या तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर यात आहे: १९७२ नंतर स्पिअर एकही निवडणूक हरले नाहीत आणि सहकाऱ्यांनी त्यांना सभागृहातलं सर्वोच्च आसन दिलं. पण हे उत्तर घाईने सगळ्यांना लावू नका. त्यांचा मतदारसंघ विद्यापीठाचा होता. त्यांच्याकडे कायम स्वरूपाची प्राध्यापकी होती. नोबल यांच्याकडे यातलं फारसं काही नव्हतं आणि त्यांनी जास्त किंमत मोजली.

त्याच अधिवेशनात मानवी हक्क कायद्याची दुरुस्ती पुन्हा आली. सिनेटमध्ये प्रस्तावक स्पिअर, कनिष्ठ सभागृहात क्लार्क. सिनेटमधल्या चर्चेत निर्णायक ठरलेलं भाषण विरोधी बाकांवरून झालं. डीन जॉन्सन हे रिपब्लिकन बाजूचे गटनेते, विलमार या ग्रामीण भागातले, लुथरन पंथाचे पाद्री आणि नॅशनल गार्डमधले धर्मगुरू. धर्माच्या नावाने या विधेयकाला विरोध होत असताना एका पाद्रीने उभं राहून पाठिंबा दिला. अनेक कुंपणावरच्या सदस्यांना त्यामुळे आधार मिळाला. पुढे आपल्याच पक्षात त्यांना या भूमिकेचा त्रास झाला आणि २००० मध्ये त्यांनी पक्ष बदलला. मला या कायद्याच्या इतिहासात जॉन्सन यांचं नाव स्पिअर आणि क्लार्क यांच्या शेजारी लिहावंसं वाटतं.

सिनेटमध्ये ३७ विरुद्ध ३० आणि कनिष्ठ सभागृहात ७८ विरुद्ध ५५ मतांनी विधेयक मंजूर झालं. २ एप्रिल १९९३ रोजी गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी सही केली. कार्लसनही रिपब्लिकन. मिनेसोटा असं करणारं आठवं राज्य ठरलं. पहिलं होतं शेजारचं विस्कॉन्सिन, १९८२ मध्ये. पण एका बाबतीत मिनेसोटा सर्वांच्या पुढे गेलं. कायद्यातल्या व्याख्येत केवळ कोणाबद्दल आकर्षण वाटतं एवढंच नव्हतं. जन्मजात शरीराच्या लिंगाशी परंपरेने न जोडलेली स्व-प्रतिमा किंवा ओळख असणं, किंवा ती आहे असं इतरांनी मानणं, हेही त्यात आलं. म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींना राज्यव्यापी संरक्षण देणारा अमेरिकेतला पहिला कायदा हाच. मिनियापोलिस शहराने १९७५ च्या अखेरीस आपल्या नियमात असंच कलम घातलं होतं. ते अनेक वर्षं निर्धोकपणे चाललं होतं आणि आमदारांना दाखवायला जवळचं उदाहरण हाताशी होतं.

'तसं आहे असं इतरांनी मानणं' हे शब्द लक्षात घ्या. मसुदा करणाऱ्याच्या नजरेने मी त्यांना कायद्यातला सर्वात हुशार भाग म्हणेन. घरमालकाने भाडेकरूला समलिंगी समजून हाकललं, तर भाडेकरूला न्यायालयात आपली लैंगिकता सिद्ध करत बसायला नको. घरमालकाने काय समजून काय केलं, एवढंच तपासायचं. आपल्याकडे कुठल्याही भेदभावविरोधी विधेयकाचा मसुदा माझ्यासमोर आला तर मी हा मुद्दा आधी शोधतो.

आता किंमत. ३७ मतं फुकट मिळाली नाहीत. धार्मिक संस्थांना सूट मिळाली. राज्य समलैंगिकतेचं समर्थन करत नाही आणि समलिंगी विवाहाला मान्यता देत नाही, असं कलम घालण्यात आलं. 'लैंगिक कल' (कोणाबद्दल आकर्षण वाटतं ते) या संज्ञेच्या व्याख्येत लहान मुलांबद्दलच्या आकर्षणाचा समावेश होत नाही, असं वाक्यही घातलं गेलं. हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक होतं. समलिंगी माणसाबद्दलचा सर्वात घाणेरडा संशय त्याच्याच संरक्षणाच्या कलमात छापला गेला. स्पिअर यांनी आणि क्लार्क यांनी हे गिळलं. १९७५ मध्ये त्यांनी माणसांचा एक गट सोडून द्यायची तयारी ठेवली होती. १९९३ मध्ये माणसं सगळी आत घेतली आणि शब्दांवर तडजोड केली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण वाईट वाक्य पुढचं सभागृह काढू शकतं. ज्याला कायद्यातूनच वगळलं, त्याला मधल्या सगळ्या वर्षांत दाद मागायला जागाच नसते.

आपल्याकडच्या कामाशी याची तुलना करताना एक मोठा फरक विसरू नका. मिनेसोटात 'सरकारी' आणि 'अशासकीय' अशी विधेयकांची विभागणी नाही. प्रत्येक विधेयक कुठल्या तरी सदस्याचंच असतं आणि पक्षादेश मोडला म्हणून कोणाचं सदस्यत्व जात नाही. जॉन्सन यांच्यासारखा गटनेता विवेकाने वेगळं मत देऊ शकतो. आपल्याकडे १९८५ पासून राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आहे. व्हिप निघाला की आमदार-खासदाराच्या वैयक्तिक सहानुभूतीला मतदानात जागा उरत नाही. संसदेत १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेलं नाही. तिरुची सिवा यांचं ट्रान्सजेंडर हक्कांचं विधेयक एप्रिल २०१५ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, पण पुढे सरकारने स्वतःचं विधेयक आणलं आणि २०१९ चा कायदा त्यातून झाला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक लोकसभेत मांडलं. ते मांडलं जाणं महत्त्वाचं होतं, पण त्याचा रस्ता स्पिअर यांच्या विधेयकासारखा असूच शकत नव्हता.

म्हणून 'एकेक आमदार वळवा' हा मिनेसोटाचा धडा जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे त्याच कष्टांची जागा विभागाचे सचिव, मंत्र्यांचं कार्यालय, संयुक्त किंवा स्थायी समितीपुढची साक्ष आणि पक्षाच्या जाहीरनाम्याची समिती ही आहे. स्पिअर यांच्याकडून घ्यायचं ते वेगळं: ज्यांच्या सहीशिवाय काम अडतं, त्यांच्या इतर कामातही उपयोगी पडणं. तुरुंगातल्या कैद्यांची स्थिती, भाडेकराराचे नियम, आरोग्य विमा या विषयांची बैठक असेल तेव्हाही तयारी करून जाणं. आपल्या संस्था बहुतेकदा फक्त 'आपल्या' कलमाच्या दिवशी पोहोचतात, आणि समोरच्या अधिकाऱ्याने आपल्याला त्याआधी कधी पाहिलेलंच नसतं.

शेवटी, १९९३ नंतर. स्पिअर २००० पर्यंत अध्यक्षपदी राहिले. १९९७ मध्ये, त्यांचा विरोध असतानाही, विवाह फक्त पुरुष आणि स्त्री यांच्यातच असा कायदा त्याच विधिमंडळाने केला. अध्यक्षाला आसन मिळतं, निकाल मिळतोच असं नाही. २००० ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे ११ ऑक्टोबर २००८ रोजी ते गेले. त्यांचं आत्मचरित्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. १९७५ च्या फुटीबद्दल त्यांची स्वतःची बाजू त्यांच्याच शब्दांत हवी असेल तर ते जरूर मिळवून वाचा, आणि सोबत बेकर यांच्याबद्दलही वाचा.

२०१२ मध्ये विवाहाची ती व्याख्या राज्यघटनेतच घालण्याचा प्रस्ताव मिनेसोटाच्या मतदारांनी फेटाळला. १४ मे २०१३ रोजी गव्हर्नर मार्क डेटन यांनी समलिंगी विवाहाच्या कायद्यावर सही केली. कनिष्ठ सभागृहातल्या प्रस्तावक कॅरन क्लार्कच होत्या, सिनेटमध्ये स्कॉट डिबल. लहान मुलांबद्दलचं ते वाक्य मात्र २०२३ पर्यंत टिकलं. ते काढणारं विधेयक मांडलं ली फिंके यांनी, मिनेसोटाच्या विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या ट्रान्सजेंडर सदस्याने.